पुढचे दोन दात

रोज सकाळी, ब्रशवर पेस्ट घेण्याआधी, मनाली खिल्लारे आरशासमोर उभी राहते आणि चिमटीत पुढचे दोन दात धरून हलवून बघते. आधी डावा, मग उजवा. दात पक्के असतात. वयाची बत्तिशी ओलांडलेल्या बाईचे दात पक्केच असणार. तरी ती रोज बघते, आणि खात्री झाली की आरशाकडे पाहून किंचित मान हलवते. आजचं काम गेलं नाही, अशी ती मान असते.

ही सवय सहाव्या वर्षीची. तेव्हा ती दहिसरच्या आमच्या समता चाळीत राहायची. वडील भाऊराव बस डेपोत मेकॅनिक, आई कमल गोरेगावच्या एका शिवणकामाच्या कारखान्यात. तिथे स्टुडिओतल्या मालिकांचे कपडे शिवले जायचे. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून कमलमावशी मनालीला कामावर घेऊन गेल्या, तिथून ब्लाउजचा गठ्ठा पोचवायला सेटवर, आणि सेटवर कुणीतरी विचारलं, "ही कुणाची? बोलते का?"

"बोलते का म्हणजे? गप्प बसवायला माणूस ठेवावा लागतो," कमलमावशी म्हणाल्या.

आठवडाभरात मनाली टीव्हीवर दिसायला लागली. मालिकेत तिचं नाव बकुळ. बंगल्यातली, परकर-पोलकं घालणारी, आजोबांना प्रश्न विचारून हैराण करणारी बकुळ. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण चाळीतल्या प्रत्येकाकडून ऐकलंय की संध्याकाळी मालिका लागली की गॅलरीतून चालत गेलं तरी एक वाक्य चुकायचं नाही, कारण प्रत्येक दारातून तोच आवाज यायचा. आणि बकुळ स्वतः तेव्हा खाली नळावर हंडा धरून उभी असायची.

या वैभवाची एकच अट होती. पेरू खायचा नाही. ऊस नाही, चिक्की नाही, कणीस तर नाहीच. जे जे पुढच्या दातांनी तोडावं लागतं ते सगळं बंद. चाळीच्या तोंडाशी पेरूवाला बसायचा, फुलासारखा चिरलेला पेरू तिखटमीठ लावून हातात द्यायचा. सगळी पोरं कराकरा खायची आणि मनालीला कमलमावशी सुरीने नखाएवढे तुकडे करून द्यायच्या.

"त्याला पेरू म्हणतात होय?" मनाली अजूनही चिडते. "तो पेरूचा उपमा होता."

एवढं करूनही दात पडायचा तो पडलाच. पाठोपाठ दुसराही हलायला लागला. मालिकेत तर एका प्रसंगाचा अर्धा भाग सोमवारी आणि अर्धा गुरुवारी शूट व्हायचा. सोमवारी दात आणि गुरुवारी खिंडार असं चालणार कसं? बोरीवलीच्या एका डॉक्टरकडून खोटा दात करून आणला, पांढऱ्या लुकणासारख्या कशानेतरी चिकटवला. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी प्रसंगात आजोबांच्या हातून लाडू खायचा होता. मनालीने लाडू खाल्ला, वाक्य बोलली, आणि दिग्दर्शक ओरडला, "कट! दात कुठाय?"

सगळं युनिट दात शोधायला लागलं. कुणी गालिचा झटकला, कुणी उरलेला लाडू कुस्करून पाहिला. आजोबा झालेले ज्येष्ठ नट स्वतःचं धोतर झटकून बघत होते. मनाली मध्ये उभी राहून हळूच म्हणाली, "मी गिळला."

कोपऱ्यातून कमलमावशींचा आवाज आला, "मग शोधताय कशाला? उद्या सकाळी सापडेल!"

सेट हसून हसून आडवा झाला. ही गोष्ट आमच्या चाळीत बारशाला, लग्नाला, गॅलरीतल्या कुठल्याही गप्पांत सांगितली जाते, आणि सांगताना कमलमावशींना उभं राहावं लागतं.

पण त्या हसण्याच्या पुढच्याच आठवड्यात लीप आली. मालिकेत अचानक पंधरावीस वर्षं उलटतात आणि लहान मुलं मोठी होतात, त्याला त्या धंद्यात लीप म्हणतात. ती यायची होतीच, पण बऱ्याच महिन्यांनी. दात पडला म्हणून अलीकडे ओढली. मनालीला कुणी नीट समजावलं नाही. एवढंच सांगितलं, की हसत पळत यायचं आणि त्या मोठ्या खांबामागे जायचं.

ती हसत पळत गेली. खांबामागे तिच्या परकराच्याच रंगाची साडी नेसलेली एक मोठी मुलगी केसातली पिन नीट करत उभी होती. तिने मनालीचा गाल ओढला आणि हसत पळत खांबाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर गेली. बाहेर टाळ्या पडल्या. बकुळ मोठी झाली होती.

मनालीला परत कुणी हाक मारली नाही. ती तिथेच उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहू लागली. खांब मागून पोकळ होता. बंगल्याची भिंत म्हणजे प्लायवूड, मागे लाकडी टेके, टेक्यांवर वाळूची पोती. खिडकीतून रोज येणारं ते सकाळचं ऊन म्हणजे एक दिवा, आणि तो दिवा ज्यावर आपटून मऊ होत होता ते थर्माकोलचं पान. पान धरणारा माणूस एका हाताने चहा पीत होता. त्याने हात जरा कलता केला की पलीकडे, खिडकीच्या आत, आजोबांच्या चेहऱ्यावर संध्याकाळ होत होती.

पोरगी रडत असेल म्हणून कमलमावशी धावत मागे आल्या. मनालीचे डोळे मोठे झाले होते, पण कोरडे होते.

"आई," ती म्हणाली, "या घराला पाठच नाही! बघ ना!"

घरी येईपर्यंत ती तेच बोलत होती. दहिसरला आल्यावर तिने आमच्या चाळीच्या मागे जाऊन पाहिलं. आमच्या चाळीला पाठ होती. शेवाळलेली, पाइपांनी भरलेली, मोरीच्या खिडक्यांची खरी पाठ. ती समाधानाने परत आली आणि त्या दिवशी तिने सालीसकट, अख्खा, पेरू खाल्ला. तोवर पुढचे दोन्ही दात गेले होते, म्हणून बाजूच्या दातांनी.

पुढच्या वर्षांत तिला ऑडिशनला नेलं की लोक म्हणायचे, अरे, ही बकुळ ना? मोठी झाली की! आणि दार बंद व्हायचं. चाळीत मात्र ती बकुळच राहिली. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे वाटताना शेजारच्या सुगंधाकाकू म्हणाल्या, "गो बकुळे, आता तरी दात घट इले मा?" काकू मालवणकडच्या, त्यांच्या मायेला टोमण्याशिवाय वाट मिळत नाही.

बोरीवलीच्या कॉलेजात असतानाच मनाली गोरेगावला कामाला लागली. कॅमेऱ्यासमोर नाही, मॉनिटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तिचं काम लक्षात ठेवायचं. मागच्या वेळी कप कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, दाराची कडी घातली होती की नव्हती. पंधरा माणसं गोंधळात असायची आणि ही ओरडायची, "डावीकडची बट कानामागे होती!" नितेश नावाचा मुलगा तेव्हापासून तिच्याबरोबर काम करतो. तो म्हणायचा, "तुझ्याशी लग्न करणारा माणूस मेला. त्याला कालचं भांडण आज वेगळ्या शब्दांत करता येणार नाय."

ती सहायक झाली, मग मुख्य सहायक. एक लघुपट केला, तो कुठे कुठे दाखवला गेला. आणि गेल्या वर्षी यज्ञेश नावाच्या एका तरुण निर्मात्याने, स्वतःचाही पहिलाच चित्रपट असताना, तिला हो म्हटलं. गोष्ट साधी. चाळीतल्या सहा वर्षांच्या मुलीचा बाप जहाजावर नोकरीला गेलाय. मुलगी त्याची वाट बघते, त्याच्यावर रागावते, त्याला विसरायचं ठरवते. शेवटी तो येतो. शेवटच्या दृश्यात सगळी चाळ गॅलरीत उभी आहे, मुलगी जिन्याच्या पायरीवर आहे, आणि इतके दिवस न हसलेली ती तोंड उघडून, आवाज करून हसते. त्या हसण्यासाठी चित्रपट होता.

मुलगी निवडताना मनाली आधी दात बघायची. आयांना वाटायचं आपण डेंटिस्टकडे आलोय. दहिसरच्याच एका शाळेत तिला मीरा सापडली, चुरचुरीत, काळ्याभोर डोळ्यांची, आणि पुढचे दात घट्ट. त्याच दिवशी मीराच्या आईला सूचना गेल्या. पेरू नाही, ऊस नाही, चिक्की नाही.

"आणि कणीस?" मीराने विचारलं.

"कणीस तर नाहीच," मनाली म्हणाली, आणि कमलमावशी शेजारी बसून पदरात हसल्या.

शूटिंग समता चाळीतच करायचं ठरलं, पण आमची चाळ रिकामी होत होती. नवी इमारत होणार म्हणून लोक भाड्याच्या घरांत निघाले होते, कुणी बोरीवलीला, कुणी मीरा रोडला. त्यामुळे चाळीतली सगळी दृश्यं आधी उरकली, अगदी शेवटचं दृश्यसुद्धा. मीरा जिन्यावर उभी राहून खळखळून हसली, सगळे दात दाखवून. सगळे खूश. उरलेल्या खोलीतल्या आणि शाळेतल्या दृश्यांसाठी युनिट गोरेगावच्या स्टुडिओत गेलं.

तिथे मीराचा अभिनय एकदम बदलला. ती ओठ मिटून हसायला लागली. बोलतानाही ओठ जेमतेम उघडायची, आणि डोळ्यांतून सगळं सांगायची. मनाली मॉनिटरसमोर भारावून बसायची. "काय संयम आहे या पोरीत! बघ, नितेश, बघ. मोठमोठ्यांना जमत नाही." कपांच्या कानांची दिशा पाठ असलेल्या बाईला या ओठांमागे काय चाललंय ते दिसलं नाही. सकाळी स्वतःचे दात हलवून बघणाऱ्या मनालीने मीराचे दात परत बघितलेच नाहीत.

मग एके दुपारी, वाक्याच्या मध्यातच, मीरा थांबली. तिने तळहातावर काहीतरी काढून घेतलं आणि मूठ घट्ट केली. मनाली तिच्याजवळ जाऊन बसली. मूठ उघडायला बराच वेळ लागला.

"ताई, मी मुद्दाम नाही पाडला," मीरा म्हणाली. "मी कितीतरी दिवस जिभेने धरून ठेवला होता. आता मला लीप देणार?"

लीप हा शब्द त्या पोरीला मेकअप रूममधल्या गप्पांतून मिळाला होता. मनालीने तो दात रुमालात बांधला आणि पॅक-अप सांगितला.

यज्ञेश वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "यार, रिलॅक्स. खोटा दात लावू. सोप्पं आहे."

दुसऱ्या दिवशी खोटा दात आला. मीराने तो लावून घेतला, तक्रार केली नाही, वाक्यही बरोबर म्हटलं. पण बोलताना वरचा ओठ त्या दातावर राखणीला बसला होता. मनालीने दोन टेक पाहिले. तिसऱ्याला ती उठली.

"काढ तो दात. नाही होणार."

"मग काय करायचं?" यज्ञेशचा आवाज चढला. "शेवटच्या सीनला सगळे दात आहेत! मधल्या सीनला खिंडार दाखवायचं आणि शेवटी दात उगवले?"

"शेवट परत करू."

"कुठे? तुझी चाळ सोमवारी पाडतायत, मनाली!"

"रविवार आहे ना."

यज्ञेशने तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "एक दिवस. एकच. जमलं तर जमलं. नाही तर सोमवारपासून खोटा दात, आणि तू एक शब्द बोलायचा नाही."

"डन."

मग जे झालं ते सांगताना नितेश अजून उड्या मारतो. चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर तेव्हा फक्त गुड मॉर्निंगची फुलं यायची. मनालीने त्याला त्यात घेतलं आणि त्याने लिहिलं: रविवारी दुपारी शूटिंग, जुने कपडे घालून या, जे आणता येईल ते आणा. एका तासात ग्रुप इतका पेटला की त्याला फोन बंद ठेवावा लागला.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा चाळ ओळखू येत नव्हती. गॅलरीकडची दारं-खिडक्या काढून नेलेली, वीज तोडलेली, गॅलरीत विटांचे ढीग. मनाली खाली उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. एवढ्यात पहिली रिक्षा आली. सुगंधाकाकू उतरल्या, मांडीवर तेलाच्या डब्यातली तुळस. मागून टेम्पो. त्यात आमचे पडदे, आमच्या बादल्या, कुणाची सायकल, कुणाचा पोपटाचा रिकामा पिंजरा. भाऊराव काकांनी निळी ताडपत्री खांद्यावर आणली आणि न विचारता तिच्या जुन्या खिळ्यांना बांधायला घेतली. दारं नव्हती तिथे पडदे लागले. विटा पोरांनी रांग करून मागे नेल्या. पाऊण तासात वाळत घातलेल्या कपड्यांनी गॅलरी भरली आणि लगेच भांडण सुरू झालं.

"गो बाय, माझी साडी थंय नाय, हंय होती!"

"काकू, नवीनच शूट करतोय आपण," नितेश हात जोडून म्हणाला. "जुळवायची गरज नाय."

"गरज नाय कशी? घर आमचा की तुझा?"

साडी हंय लागली.

एकच भीती होती. समोर नवा टॉवर उभा राहिला होता आणि दुपार कलली की त्याची सावली अंगणातून चालत यायची आणि जिन्यावर चढायची. सावलीत ते हसणं मनालीला नको होतं. कॅमेरामन धम्मपाल डोळ्यांवर हात धरून सारखा टॉवरकडे बघत होता. "मनाली, ऊन जातंय. लवकर."

सगळी चाळ गॅलरीत उभी राहिली. मीरा पायरीवर. बाप झालेला नट खाली, हातात बॅग. अॅक्शन. मीराने बापाकडे पाहिलं आणि ओठ मिटून हसली.

"मीरा, मोठ्याने. पहिल्यासारखं."

परत तेच. इतके दिवस राखण करून ओठांना सवय झाली होती. परत. परत. बिचारी तोंड उघडायची आणि हात आपोआप तोंडावर जायचा. यज्ञेश एका ड्रमवर बसून सारखा घड्याळात बघत होता. सावली नळापर्यंत आली.

"रिफ्लेक्टर!" धम्मपाल ओरडला. थर्माकोलची पानं होती दोन, ती कमी पडत होती. मग टेम्पोतून पांढऱ्या चादरी निघाल्या. अंगणात जिथे ऊन उरलं होतं तिथे माणसं चादरी ताणून उभी राहिली, भाऊराव काका, टेम्पोवाला, मीराची आई. त्यांनी चादर जरा कलती केली आणि उन्हाचा एक मोठा तुकडा उडून जिन्यावर जाऊन बसला. मनाली वळून त्या चादरींकडे बघत राहिली. क्षणभर ती सहा वर्षांची दिसली.

"रोल," ती म्हणाली. मीराने पुन्हा हात तोंडावर नेला.

सावली पहिल्या पायरीला लागली. मनाली मॉनिटरसमोर खाली बसली. कट म्हणायचंही तिला सुचलं नाही. नकळत तिचा अंगठा आणि बोट तोंडाकडे गेलं, आणि सगळ्या चाळीदेखत तिने पुढचा डावा दात चिमटीत धरून हलवून पाहिला. मग उजवा.

गॅलरीतून कमलमावशींनी ते पाहिलं.

"अगं ए बकुळे!" त्या कठड्यावरून ओणवून ओरडल्या. "पडला तिचा आणि हलतोय तुझा?"

गॅलरीत एकाला फिस्सकन हसू फुटलं. सुगंधाकाकू म्हणाल्या, "बघ हां, हो पण गिळशीत!" आणि दुसऱ्या टोकाकडून चारपाच आवाज एकदम उठले, "उद्या सकाळी सापडेल!"

चाळ फुटली. ताडपत्री हलायला लागली इतकी माणसं हसत होती. अंगणातल्या चादरी थरथरत होत्या. मीरा भांबावून वर बघत होती, "काय? कोणी गिळला? काय झालं?"

"तुझ्या डायरेक्टरनं! शूटिंगमधे! लाडवाबरोबर!" कमलमावशींना धाप लागली होती. "खोटा दात गं!"

मीराने मनालीकडे पाहिलं. एवढी मोठी मनालीताई, तोंडात बोट, कान लाल. आणि मीरा हसली. मान मागे टाकून, दोन्ही हातांनी पोट धरून, तोंडाचा पूर्ण आ करून हसली. तिच्या पुढच्या दातांमधली ती काळी खिडकी उन्हात सगळ्या चाळीला दिसली. बाप झालेला नट शहाणा, तो बॅग टाकून तिच्याकडे धावला आणि तिने हसता हसताच त्याच्या गळ्यात उडी मारली.

धम्मपालने कॅमेरा थांबवला नव्हता. सावली दुसऱ्या पायरीवर आली तेव्हा कुठे त्याने डोळा काढला आणि अंगठा वर केला.

यज्ञेश ड्रमवरून उठला, मनालीजवळ आला आणि त्याने तिला उचलून गोल फिरवलं. मागून नितेश ओरडत होता, "झकास! आयला, झकास!"

मग आवराआवर. पडदे उतरले, तुळस रिक्षात बसली, दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं होतं, तरी कुणाचा पाय निघत नव्हता. मनाली चाळीच्या मागे एक चक्कर मारून आली. पाइप, शेवाळ, मोरीच्या खिडक्या, सगळं जागेवर होतं. मीराचा दात तिने रुमालातून काढून मीराच्या आईला दिला.

चाळ दुसऱ्या दिवशी पडायला लागली. आता चित्रपटाचं संकलन चालू आहे, आणि मनालीला भेटलं की ती ते हसणं फ्रेममागून फ्रेम हातवारे करून सांगते. पण त्या चाळीत ती जे शेवटचं बोलली, ते मला तसंच्या तसं आठवतं.

पेरूवाला त्या रविवारीही चाळीच्या तोंडाशीच बसला होता. निघताना तिने त्याच्याकडून एक मोठा पेरू घेतला, तिखटमीठ लावून त्याचं फूल करायला लावलं, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या मीराच्या हातात दिला. मीराने आधी पेरूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"खा आता," मनाली म्हणाली. "बाजूच्या दातांनी चाव, म्हणजे जमतं."